दुसरं नाव

नानाशेटने करंडी उलटी करून माझ्या डोक्यात घातली.

करंडी मीच वळलेली. आत कुजलेल्या हापूसचा लगदा आणि भिजलेला पेंढा. सगळं कपाळावरून, नाकावरून ओठांवर आलं. डोळ्यांत गेलं ते झोंबलं. मी हात वर केले नाहीत. पुसायलासुद्धा नाही.

"बघा रे बघा, कंपनीचे मालक आले!" शेट म्हणाला.

हमाल हसले. दिवाणजी ओटीवर बसून हसला. मिरकरवाड्याहून मासळी घेऊन निघालेल्या बायका वाटेवर थांबल्या. माझी थोरली बहीण, आक्का, खळ्याभोवतीच्या दगडी गडग्याबाहेर उभी होती. आम्हा बुरडांनी गडग्याच्या आत यायचं ते बोलावलं तरच. मला बोलावलं होतं. तिला नव्हतं.

ती रडली नाही. माझ्या डोक्यावरच्या करंडीकडे बघत राहिली. वीण कुठे सुटली, ते बघत होती.

"काढू नको," शेट म्हणाला. "तशीच घालून घरी जा. बाजारातनं जा. लोकांना कळू दे तुझा माल."

मी गेलो. बाजारातून गेलो. मला कुणी ढकललं नव्हतं, माझे हात कुणी बांधले नव्हते. शेट बोलला आणि माझे पाय चालले. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. डोक्यावरचे केस पांढरे झाले. आळीतली पोरं मला पुढारी म्हणतात. त्या दिवसाची गोष्ट ती माझ्याकडून ऐकतात आणि त्यांच्या मुठी वळतात. पण मी त्यांना ती अर्धीच सांगतो. आजवर सगळी कुणालाच सांगितली नाही.

आता सगळी लिहितो.

आमचा धंदा बांबूचा. सुपं, रोवळ्या, टोपल्या, आणि हंगामात आंब्याच्या करंड्या. रत्नागिरीचा आंबा आगबोटीने मुंबईला जायचा. बंदरातून पडावात, पडावातून बोटीवर. करंडीशिवाय तो जागचा हलला नसता. तरी भाव ठरवायचे शेट. आम्ही माल गडग्याबाहेर ठेवायचा. त्यांचा गडी करंडी पालथी घालून तिच्यावर उभा राहायचा. जी कुरकुरली ती लाथेने बाजूला. उरलेल्यांचे पैसे त्यांना द्यावेसे वाटतील तेव्हा. माझ्या बापाने जन्मभर असाच माल दिला.

मी चौथीपर्यंत शिकलो. शाळेच्या पडवीत, चपलांच्या शेजारी बसून. पण अक्षर आलं. बंदरावर जाता येता मी फळ्या वाचायचो. अमुक आणि कंपनी, तमुक आणि कंपनी. कंपनी म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. कंपनी म्हणजे माणसाच्या पुढे उभी असलेली काहीतरी मोठी वस्तू. घाव आला तर तिच्यावर येणार, माणूस मागे सुखरूप. एका साहेबाची कंपनी बुडाली आणि साहेब मोटारीत बसून जेवायला गेला, असं हमालांच्या तोंडून ऐकलं होतं. तेवढ्यावर माझा विश्वास बसला.

बंदराच्या वाटेवर एक खोपटं घेतलं. फळीला डांबर फासलं, वर चुन्याने लिहिलं, 'बुरूड आणि कंपनी. आंब्याच्या करंड्या मिळतील.' आणि बागायतदारांना थेट माल द्यायला लागलो. रोख. भाव माझा.

शेटला ते खपलं नाही.  येताजाता फळीकडे बघायचा. एकदा थांबून त्याने ती मोठ्याने वाचली आणि पुढे गेला. मला वाटलं, कौतुकाने वाचली.

कंपनीत खरं तर होतं कोण? मी आणि आक्का. आक्काचा नवरा वारला तेव्हा त्याची एक होडी मागे राहिली. भरतीच्या पाण्यावर ती होडी घेऊन खाडीने वर जायची आणि ओहोटीबरोबर बांबू भरून खाली यायची. भाट्याच्या खाडीकाठी चिखलात तो पुरायचा, मुरू द्यायचा. मुरला की नाही, हे ती तुकडा कापून, नाकाला लावून सांगायची. न मुरलेल्या बांबूची करंडी बाहेरून चांगली दिसते. आत पेंढा आणि आंबा भरला, उष्मा झाला, की ती पाणी सोडते. मग पेंढा भिजतो आणि आंबा तापतो.

मला आईचा चेहरा आठवत नाही. मला आक्कानेच वाढवलं. करंड्याही तीच माझ्याहून जास्त वळायची. पैसा आला की मी तिला माझ्या मर्जीने काही द्यायचो. तिने कधी मागितला नाही.

त्या साली आंबा लवकर आला. एका सकाळी नानाशेट स्वतः खोपटाशी आला. बरोबर दिवाणजी. फळीच्या खाली उभा राहिला आणि मला म्हणाला, "काय कंपनी, माझं काम करणार का?"

मला वाटलं, जिंकलो. आमच्या दारात शेट! करंड्यांचं मोठं काम होतं. आणि घाई होती.

आक्का म्हणाली, "नाय रे. बांबू अजून हिरवा हाय. चिखलात राहू दे. त्याला सांग, थांब."

मी शेटला तसं सांगितलं. खरंच सांगितलं. म्हटलं, "शेट, बांबू मुरला नाही. आक्का म्हणते आंबा खराब होईल."

शेट म्हणाला, "असू दे हिरवा. जोखीम माझी. तू वळायला बस."

जोखीम माझी. हे दोन शब्द तो बोलला. मी ऐकले, दिवाणजीने ऐकले. आक्का तिथे नव्हती. ती खाडीवर होती.

मी जाऊन चिखलातून बांबू उपसायला लागलो. आक्का काठावर उभी राहून बघत होती.

"त्याचा शब्द कुणाच्या समोर झाला?" तिने विचारलं.

"दिवाणजीच्या."

"त्याच्याच दिवाणजीच्या?"

मी बांबू उपसत राहिलो. ती खाली बसली आणि वळायला लागली. 

आंबा गेला. समुद्र खवळलेला होता, पडाव बोटीला लागेनात. करंड्या धक्क्यावर उन्हात पडून राहिल्या, मग बोटीच्या पोटात. मुंबईच्या दलालाचा निरोप आला की माल नासला. पुरावा म्हणून एक करंडी परत आली. ती माझ्या डोक्यात घातली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

बेलीफ आला. वाटेवरूनच त्याने समन्स भिरकावलं, ते खोपटाच्या दारात पडलं. लहान दाव्यांच्या कोर्टात शेटने लावलेला, आंब्याच्या नुकसानीचा दावा. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मी त्यात कंपनी शोधत होतो. वर माझं नाव होतं. माझ्या बापाचं नाव, माझी जात, माझा धंदा. कंपनी कुठे? शेवटी एका ओळीत सापडली. 'कंपनी या नावाने धंदा करणारा.' म्हणजे मीच. पुढे कुणी उभं नव्हतं. घाव सरळ माझ्यावर होता.

कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली अर्ज लिहिणारे एक भाऊ बसायचे. त्यांना मी विचारलं, "कंपनीवर दावा लावायचा ना? माझ्यावर कसा?"

भाऊ हसले. वाईट हसले नाहीत. "अरे, फळी रंगवली म्हणून कंपनी होते होय? त्याला सरकारात नोंद लागते. तुझी कंपनी म्हणजे तू. दुकानात नाही मिळालं तर तुझ्या घरात जे असेल ते. घरात नाही मिळालं तर तू. दिवाणी तुरुंगात बसवतील." मग लेखणी कानावर ठेवून ते म्हणाले, "भागीदार आहे का कुणी? असला तर नाव सांग. जोखीम वाटली जाते."

वाटली जाते. हेच मी घरी घेऊन गेलो. तेच घेऊन झोपलो. तुरुंग हा शब्दही बरोबर होताच.

तारखेला आक्का बरोबर आली. तिला आत घेतलं नाही, ती पिंपळाखाली बसली. मला उंबऱ्याच्या आत, दाराला चिकटून उभं केलं. शेटला खुर्ची होती. दिवाणजीने शपथ घेतली. सुपारी मागावी तितक्या सहज आवाजात तो म्हणाला, "शेट असं काही बोलले नाहीत. या बुरडानेच खात्री दिली."

मी म्हणालो, "साहेब, बोलले. जोखीम माझी म्हणाले."

"साक्षीदार?"

साक्षीदार समोरच उभा होता, शपथ घेऊन.

मग शेटचा वकील माझ्याकडे वळला. "काय रे, कंपनी म्हणवतोस. कंपनीत तुझ्याबरोबर दुसरं कोण?"

'कुणी नाही' म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. नफा वाटताना आक्का भागीदार नव्हती. तिने कधी कागद केला नव्हता, शब्द दिला नव्हता, फळी रंगवली नव्हती. बांबू काढू नको असं सांगणारी एकटी तीच होती.

मी म्हणालो, "माझी बहीण."

नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगितलं. कुणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, "बांबू तीच आणते. तिची होडी आहे."

ती होडी मी का सांगितली? एवढी वर्षं हेच स्वतःला विचारतो. बहिणीचं नाव भीतीने घेतलं असेन. पण होडी? होडी मी दाखवली. माझ्याकडे काही नाही, तिच्याकडे आहे, तिकडे जा, असं मी हात करून दाखवलं.

वकिलाने शेटकडे बघितलं. शेटने मान हलवली. हलकीशी. तारीख पुढे पडली, दाव्यात तिचं नाव घालायला.

बाहेर आलो. आक्का उठून उभी राहिली.

"काय झालं?"

"तारीख दिली."

"आणि?"

"वकिलाने तुझं नाव काढलं. तुलाही दाव्यात ओढलंय."

"माझं?" ती म्हणाली. "मी काय केलं?"

"काय माहीत. शेटची करणी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेला! राहू दे. तू घाबरू नको. मी हाय."

मी हाय. असं ती मला म्हणाली.

पुढच्या तारखेला तिला दारापर्यंत आणलं. बांबू तू आणतेस का? होय. करंड्या तू वळतेस का? होय. खोटं तिला बोलायचं नव्हतं. तिने अंगठा दिला. निकाल दोघांवर झाला.

पायऱ्यांवर मी वकिलाला गाठलं. म्हटलं, "साहेब, माझ्या वाट्याला अर्धं किती आलं?"

"अर्धं?" त्याने शेटला हाक मारली. "नानाशेट, ऐका, हा अर्धं विचारतोय!" मग मला म्हणाला, "अर्धं कुणी सांगितलं तुला? ते तुम्ही भावाबहिणीने आपसात बघा. शेटना ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडून सगळं. कळलं? सगळं."

आक्का चार पायऱ्या खाली होती. ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

माझ्याकडे काही सापडलं नाही. मग बेलीफ खाडीवर गेला.

जप्तीनंतर काठावरच लिलाव ठेवला. शेट छत्री घेऊन आला. होडीला हात लावून त्याने ठोकून बघितली, आमच्या करंड्या ठोकतात तशी. मग मला म्हणाला, "मला काय करायची रे होडी? मी काय बांबू आणू? ती फळी उतरव. दोघं माझ्या बागेतल्या मांगरात, छपराखाली बसा, माझ्या भावाने करंड्या वळा. फिटेल तेव्हा फिटेल. होडी राहील तुमची. कागद आणलाय, अंगठा द्या."

दिवाणजीने कागद पुढे केला.

आळीत ही गोष्ट सांगताना मी इथे म्हणतो, 'मी शेटला नाही म्हणालो.' ते खोटं आहे. माझा हात पुढे गेला होता.

आक्का म्हणाली, "होडी न्या."

शेटला वाटलं, नीट ऐकलं नाही. "काय म्हणालीस गे?"

"होडी न्या म्हटलं. माणसं नाय मिळायची."

दिवाणजी काहीतरी बोलायला गेला. ती त्याच्याकडे वळलीच नाही. तिने स्वतः दोर सोडला आणि तो बेलीफाच्या पायाशी टाकला. शेटच्याच गड्याने बोली लावली. ओहोटी लागायच्या आत होडी गेली.

"चल," आक्का मला म्हणाली. "आता डोक्यावरनं आणायला लागेल."

माणसाला नाही म्हणता येतं, हे मी त्या दिवशी बघितलं. तिच्याकडून बघितलं, जिला मी विकलं होतं तिच्याकडून.

फळी राहिली. होडी गेली. आक्काने पुढची सगळी वर्षं बांबू डोक्यावरून आणला. आज तिची मान सरळ होत नाही.

आळी पेटली ती यावरून. विधवा बाई, ना नफ्यात ना भावात, तिला शेटने कोर्टात ओढली. तिची होडी ओढली. सगळ्या घरांतून एकच बोलणं. पुढच्या हंगामाआधी आळी एकत्र बसली आणि मी बोलायला उठलो. माझं ऐकलं, कारण मी तिचा भाऊ. मी म्हटलं, यापुढे गडग्याबाहेर माल ठेवायचा नाही. ज्याला करंडी हवी त्याने आमच्या आळीत यायचं. हिरव्या बांबूची घाईत हवी असेल तर 'जोखीम माझी' हे त्याने आळीच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायचं. आमच्या माणसांसमोर. त्याच्या दिवाणजीसमोर नव्हे. नाही बोलला, तर आळीतला एकही हात त्याच्यासाठी वळणार नाही. आणि दावा झालाच, तर कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही.

हे शेवटचं मी म्हणालो. मी. आवाज कापला नाही. आक्का समोर बसून मान हलवत होती.

बागायतदार आले. आधी कुरकुरत, मग सवयीने. नानाशेट सगळ्यांत शेवटी आला. आंबा झाडावर पिकायला लागला तेव्हा आला. आळीच्या मधोमध उभा राहिला आणि बोलला. बायका सुपं बाजूला ठेवून ऐकत होत्या. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. बोलून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नियम टिकला. त्याच्यावर दोन-तीन घरं उभी राहिली. एका पोरीचं लग्न झालं. कुणावर दावा आला नाही. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी माझं खोटं होतं, चिखलात पुरलेलं. मी समजत होतो की ते मुरून जाईल.

यंदा शेटने मला बोलावलं. गडग्यापर्यंतच. तो आता म्हातारा झालाय, काठीवर रेलून उभा होता. आवाज मात्र तोच.

"तुमच्या आळीचं ते नाटक बंद कर," तो म्हणाला. "शिमग्यापर्यंत बंद कर. माल पूर्वीसारखा इथे येऊ दे."

"आळीने ठरवलंय, शेट. मी एकटा काय करणार?"

"एकटा काय करतोस ते मला ठाऊक आहे." तो हसला. "तुझ्या बहिणीचं नाव कोर्टात कुणी घेतलं? माझ्या वकिलाने? की तू? होडीसुद्धा तूच दाखवलीस रे. मला तरी कुठे माहीत होतं, त्या बाईकडे होडी आहे. दिवाणजी आहे अजून. सांगायला पाठवू का त्याला?"

मी जायला वळलो.

"विचार कर," शेट म्हणाला. "मी घाई नाही करत."

त्यानंतर आळीतलं माझं चालणं बदललं. आक्काजवळ कुणी उभं दिसलं की मी आडवाटेने निघून जायचो. ती नुसती वर बघायची तरी मला वाटायचं, कळलं. एका दुपारी दिवाणजी आळीत आला. सरळ आक्काच्या दारात गेला आणि तिच्याकडून एक सूप घेतलं. सुपाची त्याला काही गरज नव्हती. उभ्याउभ्या म्हणाला, "कशी आहेस बाय? मान दुखते का अजून? होडी असती तर बरं झालं असतं, नाही?" बोलत होता तिच्याशी. बघत होता माझ्याकडे. जाताना सूप माझ्या दारात ठेवून गेला.

"हे इथे का टाकलंन?" आक्काने विचारलं.

"विसरला असेल."

पुन्हा खोटं. अगदी सहज आलं तोंडात. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. शेटने मला घाबरवण्याची सुद्धा गरज नव्हती. मी त्याचाच माणूस होतो. त्या तारखेपासून आजपर्यंत त्याच्या मांगरातच बसून होतो. अंगठा दिला नव्हता, एवढंच.

सूप उचललं. दिवाणजी वळणापर्यंत पोचला होता. त्याच्या मागून गेलो आणि त्याच्या हातात दिलं.

म्हटलं, "शेटना सांगा, शिमग्यापर्यंत थांबू नका. नियम मोडणार नाही. आणि जे तुम्ही सांगणार आहात ते मीच सांगतोय."

"शुद्धीवर आहेस ना?" दिवाणजी म्हणाला. "आळीत उभं करणार नाहीत तुला."

"नको करू देत."

"आणि ती बहीण?"

मी घराकडे वळलो आणि कागद काढला. 

म्हणून हे लिहिलं. उद्या सकाळी आळी वळायला बसेल तेव्हा मी हे मोठ्याने वाचणार. आक्काला वाचता येत नाही, तिने हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. तिची मी माफी मागणार नाही. माफी मागितली की ती देईल, मला वाढवलं तसंच देईल, आणि मी पुन्हा सुटेन. मला सुटायचं नाही. तिने मला आळीतून काढलं तर मी जाईन. बोलली नाही तर तिचं न बोलणं सोसेन. लोकांनी पुढारी दुसरा नेमावा.

पण नियम माझा नाही. तो मी बोललो असेन, त्याच्यामागे बळ आक्काचं आहे. दोर सोडला तो तिने. माझ्या खोट्याने तो खोटा होत नाही, आणि माझ्या जाण्याने मोडणार नाही. मोडू द्यायचा नाही, एवढंच आळीला मागणं.

हंगाम जवळ आलाय. शेटला करंड्या लागतील. त्याने काठी टेकत यावं, आळीच्या मधोमध उभं राहावं आणि जोखीम कुणाची ते मोठ्याने बोलावं. ऐकायला मी तिथे असेन किंवा नसेन. त्याने बोलायचं.